सशाआधीच्या अळंब्या: प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

८ जून
ठरलं एकदाचं. वाचनालयाच्या बालविभागात जुलैअखेरीस ‘पीटर रॅबिट’वाली इंग्लिश लेखिका-चित्रकार बिअ‍ॅट्रिक्स पॉटर हिच्यावर छोटं प्रदर्शन. तिचा वाढदिवस २८ जुलैचा (१८६६), पण त्या दिवशी सोमवार आणि वाचनालय बंद, म्हणून २७ ला रविवारी सकाळी. जागा म्हणजे जिन्याजवळची भिंत आणि एक काचेची पेटी जिच्यात सध्या कुणाच्या तरी जुन्या ट्रॉफ्या आहेत.

ग्रंथपाल मॅडमची अपेक्षा सरळ आहे, ससे, बदकं, बेडूक, सगळं रंगीत, मुलं खूश. मला पण ससे हवेच आहेत, पण खरं सांगायचं तर मला तिची ती बाकीची चित्रं दाखवायचीत जी तिने मुलांच्या पुस्तकासाठी काढलीच नव्हती. अळंब्या, शेवाळ, कोळी, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, लंडनमध्ये खोदकामात सापडलेल्या रोमन वस्तू, सशाचा सांगाडा. मॅडम म्हणाल्या सांगाडा नको, पालक बोलतील. बरं म्हणलं, सध्या लिस्टमधून काढतो.

११ जून
पहिल्या पॅनलचा मजकूर. बालपण.

लंडनमध्ये केन्झिंग्टनला २, बोल्टन गार्डन्स हे घर, पैसा घरात आधीच्या पिढीचा, लँकेशायरच्या कापडधंद्यातला. वडील रूपर्ट बॅरिस्टर पण वकिली नावापुरती, खरा जीव फोटोग्राफीत. चित्रकार जॉन एव्हरेट मिले त्यांचा मित्र, त्याला पोर्ट्रेटच्या कामासाठी हे फोटो काढून देत. म्हणजे घरात चित्रकला होती, कुणी ‘हे काय चालवलंयस’ म्हणणारं नव्हतं, हे लिहिणं गरजेचं आहे कारण नेटवर सगळीकडे तिला अंधाऱ्या खोलीत कोंडलेली बिचारी पोर करून टाकलंय. शाळेत घातलं नाही हे खरं, घरी शिकवायला गव्हर्नेस यायच्या, मैत्रिणी जवळजवळ नाहीत. पण वरच्या मजल्यावर ती आणि सहा वर्षांनी लहान भाऊ बर्ट्राम यांनी पूर्ण प्राणिसंग्रहालय भरवलेलं, ससे, उंदीर, साळूसारखा काटेवाला हेजहॉग, सरडे, बेडूक, वटवाघळं. मेलेला प्राणी सापडला की कातडं काढून उकळायचा, हाडं वेगळी करायची, परत जोडून सांगाडा उभा करायचा आणि चित्र काढायचं. (मॅडम, हे वाक्य मी ठेवतोय, चित्र नाही लावत.)

मला तिच्या सशांबद्दल नेहमी वाटायचं की कोट घातला तरी आतला ससा खराच ससा कसा राहतो, कोपरं कशी बरोबर जागी वाकतात. उत्तर इथे आहे.

१४ जून
आज दिवसभर गिनीपिग. एक गोष्ट वाचून एकटाच हसत बसलो. १८९३ मध्ये तिने शेजारच्या एका बाईंकडून चित्र काढायला गिनीपिग उसने आणले. पहिला नीट परत गेला. दुसरी म्हणजे पांढऱ्या लांब केसांची खानदानी गिनीपिग, नाव क्वीन एलिझाबेथ. तिने रात्री टीपकागद, पुठ्ठा, दोरा असलं काय काय खाल्लं आणि गेली बिचारी. आता मालकिणीला तोंड कसं दाखवायचं? तर चित्र देऊन टाकलं. हे सगळं तिने डायरीत इतक्या कोरड्या थाटात लिहिलंय की वाटतं ही बाई गोष्टी लिहिणारच होती, फक्त वेळ लागला.

तसाच तिचा ससा बेंजामिन बाउन्सर. १८९० मध्ये त्याला मॉडेल करून काढलेली ग्रीटिंग कार्डची चित्रं एका कंपनीने सहा पौंडांना घेतली, तिची पहिली कमाई. आनंदात तिने सशाला वाटीभर हेम्पचं बी खाऊ घातलं, दुसऱ्या दिवशी ससा काही केल्या आवरेना. हे दुसऱ्या पॅनलवर नक्की. मुलांना आवडेल, मोठ्यांना जास्त.

१७ जून
डायरी.

पंधराव्या वर्षी, १८८१ च्या सुमारास तिने डायरी लिहायला घेतली आणि ती स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत. ३० वर्षांची होईपर्यंत, म्हणजे जानेवारी १८९७ पर्यंत लिहीत राहिली. अक्षर बारीक, आणि सवय झाल्यावर वेग इतका की पानं नुसती रेघांची वाटतात. वाचली गेली तिच्या मरणानंतर. लेस्ली लिंडर नावाचा इंजिनिअर, तिच्या चित्रांचा संग्राहक, काही वर्षं त्या पानांशी झटत होता, आणि १९५८ च्या ईस्टर मंडेला त्याला एका पानावर रोमन आकड्यातलं सोळा आणि १७९३ हे साल दिसलं. फ्रान्सचा राजा सोळावा लुई, १७९३ मध्ये फाशी... फाशी नाही, गिलोटिन! तिथून एक शब्द सुटला, त्या शब्दातून अक्षरं, आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी लिपी हातात. मग पुढची वर्षं सगळं उतरवण्यात गेली. दोन लाखांहून जास्त शब्द. पुस्तक १९६६ ला आलं, तिच्या जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा. लिंडरने जमवलेली चित्रं, कागद, सगळं १९७३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला गेलं.

गंमत म्हणजे एवढं कुलूप लावून ठेवलंय पण आत कसलंही भयंकर गुपित नाही. चित्रप्रदर्शनांवर शेरे, आजीच्या गप्पा, राजकारण, तब्येत, चिडचिड. आई वाचेल या भीतीने लिहिलं असेल असं बरेच म्हणतात, असेलही. मला वाटतं तिला एक जागा हवी होती जिथे मायकेलअँजेलोपासून पाहुण्यांपर्यंत कुणालाही नावं ठेवता येतील, बास.

मुलांसाठी ॲक्टिव्हिटी: स्वतःची सांकेतिक लिपी. पण देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीचं काय करायचं? पूर्ण अक्षराला एक चिन्ह दिलं तर शेकडो चिन्हं होतील. भाचीने पाच मिनिटांत निकाल लावला, व्यंजन बदलायचं, मात्रा आहे तशी वर ठेवायची, जोडाक्षरं बंद. आणि पॉटर इंग्रजीत ‘टू’ आणि ‘थ्री’चे आकडे शब्दांच्या जागी वापरायची तसं आपण नेहमीच्या शब्दांना आकडे द्यायचे. ‘आई’ला १ दिलाय. छान.

२० जून
कॉपीराइटचं डोकेदुखी प्रकरण. पॉटर गेली २२ डिसेंबर १९४३ ला. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे तिची छापलेली पुस्तकं कधीच मोकळी झालीत, ससे बिनधास्त छापा. पण मरणोत्तर छापलेल्या लिखाणाला भारतात प्रकाशनापासून ६० वर्षं मोजतात, डायरी १९६६ ची, म्हणजे २०२६ संपेपर्यंत थांबा. म्हणून डायरीतली वाक्यं जशीच्या तशी लावायची नाहीत, आपल्या शब्दांत सांगायची. तसंही मुलांना तेच बरं.

अळंब्यांची चित्रं म्युझियमच्या वेबसाइटवरून उचलून छापणं मला पटत नाही. तोडगा निघाला: आमच्या वनस्पतीशास्त्रवाल्या मैत्रिणीकडे तिच्या चित्रांचं मोठं जाडजूड पुस्तक आहे, ते काचेच्या पेटीत उघडून ठेवायचं आणि रोज एक पान उलटायचं. त्यामुळे जो परत येईल त्याला नवीन चित्र. ट्रॉफ्या कुठे हलवायच्या यावर मात्र मीटिंग होणार आहे म्हणे.

२५ जून
आज मूळ विषयाला हात घातला. हे पॅनल सगळ्यात मोठं होणार, होऊ दे.

पॉटर कुटुंब दर उन्हाळ्यात लंडन सोडून तीन-तीन महिने बाहेर, तिच्या लहानपणी स्कॉटलंडमध्ये टे नदीकाठी डालगाइझला. तिथला पोस्टमन चार्ल्स मॅकिंटॉश. लाकूड कापायच्या कारखान्यात अपघातात एका हाताची बोटं गेलेली, पोस्टाची पायपीट करता करता रस्त्याकडेची शेवाळं, नेचे, अळंब्या बघत बघत असा जाणकार झालेला की पदवीवाले त्याला विचारायला यायचे. आणि लाजाळू इतका की समोर माणूस आला की पळून जावंसं वाटणारा. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये पॉटरने त्याला गाठलं, आपली चित्रं दाखवली, आणि अळंबीचा विषय निघाल्यावर तो बोलायला लागला.

त्यानंतर चाललेला व्यवहार मला फार आवडतो. तो तिला पोस्टाने अळंब्या पाठवणार, ती चित्रं काढून एक प्रत त्याला पाठवणार. त्याने तिला सांगितलं की नुसतं वरून सुंदर काढून उपयोग नाही, उभी चिरून आतला छेद दाखव, खालचे पडदे कसे जोडलेत ते दाखव, बीजाणू (म्हणजे अळंबीचं बी म्हणा) मायक्रोस्कोपखाली बघ. आणि चित्रं बदलली! त्याच्या आधीची पण देखणी आहेत, पण नंतरच्या चित्रांवरून आजही अळंबी ओळखता येते. १९६७ मध्ये फिंडले यांच्या अळंब्यांवरच्या पुस्तकात तिची ५९ चित्रं वापरली, म्हणजे शोभेसाठी नाही, ओळख पटवायला. चित्रांचा मोठा गठ्ठा आज इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अँबलसाइडच्या आर्मिट म्युझियममध्ये आहे, तिनेच त्यांना दिलेला. काही स्कॉटलंडमध्ये पर्थला.

आज पेटीतलं पुस्तक घरी आणून बघत बसलो. जलरंग, ब्रश जवळजवळ कोरडा. मातीचा कण, चिकटलेलं गवताचं पातं, कुरतडलेली कड, सगळं आहे. आणि छत्री पूर्ण उघडलेली, अर्धी उघडलेली, नुकती डोकं काढलेली, तिन्ही एकाच कागदावर. आपण फोटोत एकच क्षण पकडतो, इथे एका कागदावर तिचा आख्खा आठवडा आहे.

२९ जून
तीन दिवसांचं पॅनल. माझ्या मते सगळ्या प्रदर्शनाचा कणा हाच आहे.

१८९३, स्कॉटलंडमध्ये डंकेल्डजवळ ईस्टवूड नावाचं भाड्याचं घर. ३ सप्टेंबरला तिने आवारात सापडलेल्या एका दुर्मिळ अळंबीचं चित्र काढलं, काळपट, खवल्याखवल्यांची, इंग्रजीत हिला जंगलातला म्हातारा म्हणतात. ४ सप्टेंबरला जुन्या गव्हर्नेसचा पाच वर्षांचा मुलगा नोएल आजारी म्हणून त्याला पत्र लिहिलं, काय लिहावं सुचत नव्हतं म्हणून चार सशांची गोष्ट, शेजारी चित्रं. तोच पीटर रॅबिट. ५ सप्टेंबरला नोएलच्या धाकट्या भावाला, एरिकला, बेडकाची गोष्ट. तोच पुढे जेरेमी फिशर.

अळंबी, ससा, बेडूक. लागोपाठ. तेच घर, बहुतेक तेच टेबल आणि तीच रंगाची पेटी.

म्हणून मला ती ‘आधी शास्त्र, मग निराशा, मग ससे’ अशी सरळ ओळीतली गोष्ट मान्यच नाही. सगळं एकाच वेळी चाललेलं.

नोएलने पत्र जपून ठेवलं हे नशीब, कारण काही वर्षांनी तिने ते परत उसनं मागून त्यावरून पुस्तक केलं. प्रकाशकांनी नको म्हटल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती, मग ऑक्टोबर १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत काढलं. हे दोन ओळीत आटपतो, हे सगळ्यांना माहीत असतं.

५ जुलै
आज वाद झाला, चांगला झाला.

मैत्रिणीचं म्हणणं, अन्याय झालेली शास्त्रज्ञ हे मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या मुलींनी ते वाचलं पाहिजे. मुद्दा खोटा नाही. १८९६ मध्ये काका सर हेन्री रॉस्को (नावाजलेले केमिस्ट) तिला लंडनच्या क्यू गार्डन्स या वनस्पती-उद्यानात घेऊन गेले, तिथले संचालक थिसलटन-डायर यांनी फारसं मनावर घेतलं नाही. ती स्वयंपाकघरात काचपट्ट्यांवर अळंब्यांचे बीजाणू रुजवत होती, ६०० पटीने मोठं करून चित्रं काढत होती. तिचा पेपर १ एप्रिल १८९७ ला लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्राच्या संस्थेत क्यूच्या जॉर्ज मॅसीने मांडला कारण बायकांना सभेला बसायलाच परवानगी नव्हती. छापला गेला नाही, पुढे पेपरच हरवला. सोसायटीने बायकांना सभासद करून घेतलं १९०४-०५ मध्ये, आणि तिच्याशी नीट वागलो नाही हे मान्य केलं १९९७ मध्ये, शंभर वर्षांनी!

पण मी म्हणलं दोन गोष्टी पण लिहू. एक, १८९७ च्याच सप्टेंबरात तिने मॅकिंटॉशला कळवलंय की मॅसीच्या म्हणण्याप्रमाणे पेपरचं स्वागत झालं, पण छापण्याआधी अजून काम हवं म्हणतात. पत्राचा सूर मोडून पडलेल्या माणसाचा नाही. दोन, डायरसाहेबांना ती तोंडावर सांगून आली होती की तुम्ही माना न माना, दहा वर्षांत हे पुस्तकांत येणारच, आणि हसत हसत बाहेर पडली. आता हिला बिचारी कसं म्हणायचं? आणि पेपरनंतरही काही वर्षं अळंब्या काढतच होती.

दगडफुलाचं पण निघालं. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात हे पॉटरने शोधलं असं नेटवर बिनधास्त लिहिलेलं असतं. ते श्वेंडेनर नावाच्या स्विस माणसाने १८६० च्या दशकातच मांडलेलं, तेव्हा ही शेंबडी पोरगी होती. ते कटाप. मैत्रिणीने स्वतःच कटाप केलं, वनस्पतीशास्त्रवाली आहे शेवटी.

तडजोड: अन्यायाचं पॅनल राहणार, शीर्षक ‘दहा वर्षांत पुस्तकात येईल’.

१० जुलै
प्रिंट ट्रायल. सनबोर्डवर सशाचा तपकिरी रंग चक्क नारिंगी आला आणि निळा कोट शाळेच्या युनिफॉर्मचा. दुकानदार म्हणे साहेब ब्राइट केलंय, मुलांचं आहे ना. हात जोडले. फाइल तशीच, काही वाढवू नका, मॅट लॅमिनेशन. दुसऱ्यांदा बरं आलं.

१३ जुलै
नॉर्मन वॉर्नचं पॅनल ठेवायचं का नाही यावर अडकलोय.

तो तिचा संपादक, वॉर्न घराण्यातला धाकटा मुलगा. पुस्तकांच्या निमित्ताने रोजच्या रोज पत्रं, पण एकटं भेटणं कधी नाही. २५ जुलै १९०५ ला त्याने पत्रातून मागणी घातली, तिने हो म्हटलं. ३९ ला टेकलेली बाई, स्वतःच्या कमाईची, आणि आईवडिलांचा विरोध का, तर मुलगा धंदेवाला. ज्यांचा स्वतःचा पैसा कापडछपाईचा! महिन्याभरात, २५ ऑगस्टला, नॉर्मन ल्युकेमियाने गेला. ३७ वर्षांचा. ती तेव्हा घरच्यांबरोबर वेल्समध्ये होती आणि तिथल्या शेवटच्या संध्याकाळी तिने सातूच्या शेताचं चित्र काढलं होतं, कापणी झालेल्या पेंढ्या उभ्या. पुढे त्याची एक प्रत नॉर्मनच्या बहिणीला, मिलीला पाठवली.

हे चित्र खासगी म्हणजे खरोखर खासगी. अळंब्या तिला जगाला दाखवायच्या होत्या, हे नव्हतं. तर मुलांच्या विभागात लावायचं का? शेवटी ठरवलं, पॅनल नाही. पुस्तकात पान आलं तर येईल, न आलं तर नाही. ग्रंथपाल मॅडम पहिल्यांदाच माझ्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, बरोबर आहे.

१९ जुलै
शेवटची दोन पॅनल, मेंढ्या. इथे बाईचा आख्खा नूरच पालटतो.

नॉर्मन गेला त्याच वर्षी तिने लेक डिस्ट्रिक्टमधल्या नियर सॉरी गावात हिल टॉप हे शेत घेतलं, पुस्तकांच्या पैशातून. १९१३ मध्ये हॉक्सहेडचा वकील विल्यम हीलिस याच्याशी लग्न, वय ४७, घरच्यांना तोही पसंत नव्हता (भाऊ बर्ट्रामने तर आपलं लग्न अकरा वर्षं घरात सांगितलंच नव्हतं, त्या घरात हे असंच). मग ती मिसेस हीलिस. पायात लाकडी तळाचे बूट, पावसात अंगावर पोतं. रस्त्यात एका भटक्याने तिला आपल्यातलीच समजून हवापाण्याच्या गप्पा मारल्या, तिला ते फार आवडलं होतं म्हणे. चित्रं कमी होत गेली, नजरही अधू. पण हर्डविक जातीच्या मेंढ्या डोळ्यांनी पारखायची ती मात्र शेवटपर्यंत, टॉम स्टोरी हा मेंढपाळ हाताशी, प्रदर्शनांत बक्षिसं. १९४३ मध्ये हर्डविक मेंढीपालकांच्या संघटनेची अध्यक्ष म्हणून निवड झालेली, असा मान मिळालेली पहिली बाई, पण पद हाती घेण्याआधीच गेली. ४००० एकरांहून जास्त जमीन आणि डझनभराहून जास्त शेतं नॅशनल ट्रस्ट या जमिनी-वास्तू जपणाऱ्या संस्थेला, अट अशी की मेंढ्या हर्डविकच ठेवायच्या.

अस्थी टॉम स्टोरीने डोंगरावर विखुरल्या, जागा गुपितच राहिली.

२४ जुलै
मजकूर भाचीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना वाचायला दिला. अडलं तिथे पेन्सिलने गोल करायला सांगितलेलं. ‘बीजाणू’ला तिघींनी गोल केला. तिथे एक ओळ वाढवली. सगळ्यात जास्त प्रश्न क्वीन एलिझाबेथवर, तिला डॉक्टरकडे का नेलं नाही.

२७ जुलै
झालं. पाऊस धो धो तरी गर्दी बरी. सशांसमोर लहान मुलं, डायरीच्या टेबलावर पाचवी-सहावीची. एका पोराने चिठ्ठी लिहिली जी आम्हा कुणाला सुटली नाही, त्यालाही नंतर सुटेना. पेटीत पहिलं पान माशीमार अळंबी, लाल छत्री पांढरे ठिपके. एक आजोबा बराच वेळ बघून म्हणाले, हे छापील फोटोपेक्षा खरं वाटतंय. मी म्हणलं तेच तर!

३१ जुलै
मुलं डब्यातून, पिशवीतून अळंब्या घेऊन यायला लागलीत. मोठी पाटी लावली: हात लावू नका, तोंडात घालू नका, जागेवरच चित्र काढा, आईबाबांना फोटो काढायला सांगा. आलेल्यांचं काय करायचं म्हणून मैत्रिणीने बीजाणूंचे ठसे घ्यायला लावले, हातमोजे घालून. छत्री उलटी न करता अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी, रात्रभर तशीच. सकाळी कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखा ठसा. एक गुलाबी आला, एक गडद चॉकलेटी, दोन काहीच नाही.

३ ऑगस्ट
प्रदर्शन १७ पर्यंत वाढवलं. दमटपणाने सनबोर्डचे कोपरे वळायला लागलेत, मागून ॲल्युमिनियमची पट्टी मारायला हवी, सुताराला फोन केलाय. जवळच्या एका शाळेने पॅनल मागितलीत, पण पुस्तक पेटीबाहेर जाणार नाही हे सांगितलं. ठशांचे कागद फिक्सेटिव्ह मारून भिंतीच्या खालच्या बाजूला, मुलांच्या उंचीवर लावायचेत, नावं पेन्सिलने मुलांनीच लिहायची. उद्या वाचनालय बंद, परवा सकाळी पान उलटायची पाळी भाचीची.